जवसाच्या तेलातला उजेड

नवीन बॅट आणली की तिला जवसाचं तेल चोळून आडवी ठेवायची, हे क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना शिकवावं लागत नाही. पण हे तेल वाळतं म्हणजे नेमकं काय होतं, असं विचारलं की वर्ग गप्प. पाणी वाळतं ते वाफ होऊन उडून जातं, तेल कुठे उडतं? खोबरेल ताटलीत महिनाभर ठेवा, खोबरेलच राहतं. मग जवसाचं का वाळतं? याच तेलात रंग खलून चित्रं काढणाऱ्या, पंधराव्या शतकातल्या यान व्हॅन आइक या चित्रकाराची ओळख मी मुलांना नेहमी इथूनच करून देते, जन्मसालापासून नाही.

जवसाच्या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध, म्हणजे कार्बनच्या अणूंमधल्या दुहेरी जोडण्या, भरपूर असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे जाऊन लागतो, शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि शेवटी त्याचं जाळं होऊन चिवट पापुद्रा बनतो. म्हणजे सुरुवातीला तेलाचं वजन कमी व्हायच्या ऐवजी चक्क वाढतं! खोबरेलात असे बंध जवळपास नसतातच, म्हणून ते तसंच बसून राहतं.

आता दुसरी गोष्ट, वडापावचा कागद. कोरडा कागद पांढरा दिसतो कारण त्याच्या तंतूंमध्ये हवा असते आणि प्रकाश प्रत्येक वळणावर हवेतून तंतूत, तंतूतून हवेत असा आपटत विखुरतो. तेल लागलं की हवेची जागा तेल घेतं, तेलाचा अपवर्तनांक (म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा आकडा) साधारण 1.48 आणि कागदाच्या तंतूंचा जवळपास 1.5, फारसा फरकच उरत नाही, मग बराचसा प्रकाश आरपार जातो आणि कागद अर्धपारदर्शक होतो. रंगाच्या भुकटीचंही अगदी हेच होतं. अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून केलेला निळा रंग घ्या, त्याचाही अपवर्तनांक 1.5 च्या आसपास, जवसाच्या तेलात खलला की तो रंगीत काचेसारखा होतो. शिसाच्या पांढऱ्याचा मात्र 2 च्या जवळ, म्हणून तो तेलातही झाकणारा राहतो आणि मोत्यावरचा चमकता ठिपका द्यायला तोच कामी येतो.

व्हॅन आइकने ही गंमत किती संयमाने वापरली बघा. ओकच्या फळीवर खडू आणि जनावराच्या सरसाचा गुळगुळीत पांढरा थर, त्यावर रेखाटन, आणि मग तेलात खललेल्या रंगाचे थर, त्यातले वरचे बरेचसे पातळ आणि पारदर्शक. खोलीतला प्रकाश या थरांतून आत जातो, खालच्या फिकट थरावर आपटतो आणि परत त्याच रंगातून बाहेर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. त्याच्या चित्रातलं लाल मखमल आतून पेटल्यासारखं वाटतं ना, ते उगाच नाही, तो उजेड खरोखरच आतून येतो. अंड्याच्या बलकात रंग कालवायची जुनी पद्धत होती, पण तो मिनिटांत वाळतो, बारीक रेघांवर रेघा मारत बसावं लागतं. तेल सावकाश वाळतं, त्यामुळे गालावरची सावली हलकेच मिसळत नेता येते.

तैलरंगाचा शोध व्हॅन आइकनेच लावला असं सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या इटलीतल्या वसारीने लिहून ठेवलं आणि ते आजही सांगितलं जातं, पण ते खरं नाही. बाराव्या शतकातल्या युरोपीय हस्तलिखितात तेलात रंग कालवायची कृती आहे, आणि अफगाणिस्तानात बामियानच्या लेण्यांमध्ये तर सातव्या शतकाच्या आसपासच्या भित्तिचित्रांत वाळणारं तेल सापडलंय. व्हॅन आइकचं श्रेय शोधाचं नाही, त्या तेलाला कुठवर नेता येतं ते दाखवण्याचं, आणि माझ्या मते ते मोठं आहे.

माणूस म्हणाल तर जन्म 1390 च्या सुमारास, 1425 पासून बरगंडीचा (आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या राज्याचा) ड्यूक, म्हणजे सरदार-राजा, फिलिप याच्या दरबारात, 1428 मध्ये ड्यूकच्या लग्नाच्या बोलणीसाठी गेलेल्या मंडळींबरोबर पोर्तुगालला, आणि 1441 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात मृत्यू. 1435 मध्ये हिशेबनीसांनी त्याचे पैसे अडवले तेव्हा ड्यूकने त्यांना खरमरीत पत्र लिहिलं, की आपल्या ‘कलेत आणि शास्त्रात’ इतका निपुण माणूस आम्हाला पुन्हा मिळणार नाही. कला आणि शास्त्र, दोन्ही शब्द एकत्र! मला हे वाक्य फार आवडतं.

बेल्जियममधल्याच गेंट शहरातल्या चर्चमधलं मोठं घडीचं चित्र, जे त्याचा भाऊ ह्यूबर्टने सुरू केलं आणि यानने 1432 मध्ये पुरं केलं, त्यातल्या कोकराची गोष्ट मुलांना हमखास आवडते. 1550 मध्ये कोणीतरी दुरुस्ती म्हणून त्या कोकराचं डोकं वरून रंगवून टाकलं. 1951 च्या सफाईत जुने कान वर आले आणि कोकराला चार कान दिसायला लागले! अलीकडच्या दुरुस्तीत क्ष-किरणांनी कुठला रंग कुठल्या मूलद्रव्याचा हे तपासून वरचा थर सूक्ष्मदर्शकाखाली खरवडला, तेव्हा खालून समोर रोखून बघणारे मूळ डोळे निघाले.

आणि मग लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं आर्नोल्फिनी जोडप्याचं 1434 चं चित्र. मागच्या भिंतीवर बहिर्गोल आरसा आहे, घाटातल्या वळणावर असतो तसाच. त्या काळी फुगवलेल्या काचेच्या फुग्यापासून आरसे करायचे म्हणून ते असे फुगीर. त्या टिचभर आरशात अख्खी खोली आहे, खिडकी वाकलेली आहे, जोडपं पाठमोरं आहे आणि दारात आणखी दोन माणसं उभी आहेत. चौकटीत नखाएवढी दहा चित्रं वेगळीच. वर सही, ‘यान व्हॅन आइक इथे होता’.

या चित्राचे इन्फ्रारेड फोटोही काढलेत. इन्फ्रारेड किरण बऱ्याच रंगांतून पार जातात पण काळ्या रेखाटनावर अडतात, त्यामुळे त्याने नवऱ्याचा हात आणि पाय कुठून कुठे सरकवले ते दिसतं. जोडप्याच्या पायाशी झिपरं कुत्रं आहे, एकेक केस मोजावा असं, पण त्याच्याखाली रेखाटनच नाही, ते नंतर सुचलेलं दिसतंय. एवढं सांगून झालं की मी मुलांना म्हणते, आता आरशात कुत्रं शोधा. सगळे स्क्रीनवर वाकून वाकून बघतात आणि दोन-तीन मिनिटांनी मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतं, बाई, आरशात कुत्रं नाहीच आहे!