लग्नाच्या निमंत्रणाला उत्तराची मुदत

लग्नाला येणार की नाही आणि घरातून किती जण येणार, हे पाहुण्यांनी यजमानांना कळवण्यासाठी ठरवून दिलेली शेवटची तारीख. जेवणाची पाने, मुक्कामाच्या खोल्या, वऱ्हाडाच्या गाड्या आणि मानपानाची खरेदी या तारखेवर अवलंबून असते. मुदतीत सगळी उत्तरे येत नाहीत, हे गृहीत धरूनच ती ठरवावी लागते. मुदत संपल्यानंतरच्या आठवड्यात यजमान काय करतात, यावर आकडा खरा ठरतो.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ही पद्धत छापील पत्रिकेचाच भाग आहे. पत्रिका लग्नाच्या ६ ते ८ आठवडे आधी जाते आणि उत्तराची तारीख बहुधा ३ ते ४ आठवडे आधीची असते. पत्रिकेच्या कोपऱ्यात 'आर.एस.व्ही.पी.' अशी उत्तराची विनंती करणारी फ्रेंच आद्याक्षरे असतात. सोबत छोटे उत्तर-कार्ड आणि तिकीट लावलेले पाकीट ठेवतात. कार्डावर नाव लिहायला अनेक जण विसरतात, म्हणून प्रत्येक कार्डामागे पेन्सिलीने यादीतला क्रमांक घालून ठेवतात. 'आपल्यासाठी २ जागा राखल्या आहेत' असे आधीच छापले, की न बोलावलेली माणसे वाढत नाहीत. तिथे प्रत्येकाची टेबलावरची जागा ठरलेली असते आणि कित्येकदा पदार्थही आधीच निवडून कळवायचा असतो. त्यामुळे एक उशिराचे उत्तर आले, तरी बैठकव्यवस्थेचा अख्खा तक्ता पुन्हा मांडावा लागतो.

महाराष्ट्रात निमंत्रणाची रीतच वेगळी. पहिली पत्रिका गणपतीला आणि कुलदैवताला, मग घरोघरी अक्षत. पत्रिकेत 'सहकुटुंब सहपरिवार' असते आणि ग्रामीण भागात अख्ख्या घराला चूलबंद आवतण दिले जाते, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटायची नाही. असे बोलावणे केल्यावर 'तुम्ही किती जण?' हा प्रश्न माणसे मोजल्यासारखा वाटतो. पाहुण्यालाही शुभकार्याला तोंडावर 'नाही' म्हणवत नाही. 'बघतो, जमवतो' हे उत्तर तिथूनच येते. ते बहुतेक वेळा नकार असते, पण नेहमी नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले, की दाट तिथीला एकाच घराला दोन-तीन लग्ने असतात. एकीकडे अक्षता टाकायच्या, दुसरीकडे जेवायचे, असे ठरते आणि तेही कधी कधी त्याच सकाळी.

करोनाकाळातील निर्बंधांनी या सवयीला धक्का दिला. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लग्नाला ५० पाहुण्यांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ वर आली आणि समारंभ दोन तासांत उरकण्याची अट आली. तेव्हा नावनिशीवार यादी करावीच लागली. निर्बंध उठले, तरी 'कृपया अमुक तारखेपर्यंत कळवावे' ही ओळ शहरी पत्रिकांमध्ये आणि व्हॉट्सॲपवरच्या निमंत्रणांमध्ये आता परकी वाटत नाही.

मुदत ठरवताना उलटे मोजत यावे. समजा लग्न २० फेब्रुवारीला आहे आणि केटररला पक्का आकडा आठ दिवस आधी, म्हणजे १२ तारखेला हवा आहे. २ ते ९ फेब्रुवारी हा आठवडा फोनसाठी ठेवायचा आणि १० व ११ हे दोन दिवस दोन्ही पक्षांच्या याद्या एकत्र करून दुबार नावे काढण्यासाठी. पत्रिकेवर मग १ फेब्रुवारी ही तारीख येते आणि पत्रिका १० जानेवारीपर्यंत हातात पडायला हव्यात. मुदत याहून फार आधीची ठेवली, तर रजा आणि मुलांच्या परीक्षा ठरलेल्या नसल्याने माणसे टोलवतात. केटररच्या तारखेलाच चिकटवली, तर फोन करायला दिवस उरत नाहीत. ही दुसरी चूक जास्त घडते, कारण पत्रिका छापताना केटररशी बोलणे झालेले नसते. 'लवकरात लवकर कळवावे' या शब्दांचा काही उपयोग नाही. तारीख आणि वार छापावा, सोबत दोन मोबाइल क्रमांक द्यावेत. क्रमांक नवरा-नवरीचे किंवा त्यांच्या आईवडिलांचे नसावेत. त्या दिवसांत त्यांना फोन उचलणे जमत नाही. दोन्ही क्रमांकांवर आलेली उत्तरे एकत्र नोंदवण्याचे काम काका, आत्येभाऊ किंवा वहिनी अशा एकाच जबाबदार माणसाकडे सोपवावे.

यादी माणशी न करता घरटी करावी. प्रत्येक घरासमोर संपर्काचा क्रमांक, कोणाच्या बाजूचे, बोलावलेली माणसे, येणारी माणसे, आणि शेवटी फोन कोणी करायचा त्याचे नाव असावे. येणाऱ्यांचा रकाना एकच ठेवणे ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे. आदल्या संध्याकाळचे सीमांतपूजन आणि रात्रीचे जेवण, लग्नाच्या सकाळचा नाश्ता, दुपारची पंगत, आणि असल्यास संध्याकाळचे स्वागत, या प्रत्येकाला वेगळी माणसे असतात. दुपारच्या ४०० पानांच्या लग्नात आदल्या रात्री ८० माणसे असू शकतात. एकच आकडा सगळीकडे धरला, तर एका वेळी अन्न फुकट जाते आणि दुसऱ्या वेळी ओढाताण होते.

व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला अंगठा येतो. त्याचा अर्थ निरोप पाहिला एवढाच, त्याला होकार धरू नये. गूगल फॉर्म तरुण मंडळी भरतात, पण त्यात नाव, माणसांची संख्या आणि कोणत्या जेवणाला येणार, याहून जास्त प्रश्न नकोत. वडीलधाऱ्यांना फॉर्मचा दुवा पाठवणे त्यांना रुचत नाही. त्यांना फोनच करावा.

मुदत उलटल्यावर पहिल्या दोन दिवसांत एक छोटा निरोप जातो आणि त्याला उत्तर आले नाही, की तिसऱ्या दिवसापासून फोन. फोन योग्य माणसानेच करावा: आजोळच्या घरांना मामाने, भावकीत थोरल्या काकांनी, कार्यालयातल्या सहकाऱ्यांना वराने किंवा वधूने स्वतः. प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर मिळणे न मिळणे ठरते. 'येणार आहात ना?' असे विचारले, की 'हो, हो' असेच उत्तर येते. 'काका, आदल्या दिवशी मुक्कामाला येताय की थेट दुपारी? खोली धरून ठेवायची आहे', किंवा 'आत्या, पुण्याहून बस निघतेय, तुमच्या घरच्या किती जागा ठेवू?' असे विचारले, तर मान राखला जातो आणि आकडाही मिळतो. विचारणारा सोयीसाठी विचारतो आहे हे ऐकणाऱ्याला कळते, आणि यायचे नसलेला माणूसही तिथेच मोकळेपणाने सांगतो. 'बघतो' म्हणणाऱ्याला 'मग गुरुवारी पुन्हा फोन करतो' असा वार सांगून ठेवावा आणि त्या दिवशी तो करावाच.

एवढे करूनही काही घरे गप्प राहतात. त्यांना शून्य धरणे धोक्याचे आहे. सख्खी नाती आणि शेजारी आलेच असे समजून पूर्ण मोजावेत. लांबच्या गावचे आणि दोनदा फोन होऊनही न बोललेले सोडून द्यावेत. मधल्या ओळखींसाठी यजमानांच्याच घरातल्या अलीकडच्या लग्नात किती पाने उठली होती, हा सगळ्यात चांगला आधार. बाहेरचे कोणतेही ठरावीक प्रमाण इथे लागू पडत नाही, कारण गाव, वार, मुहूर्ताची वेळ आणि कार्यालय बसस्थानकापासून किती लांब, या सगळ्यांनी ते बदलते. कामाच्या दिवशी सकाळी अकराचा मुहूर्त आणि रविवारचा गोरज मुहूर्त यांची गर्दी सारखी नसते.

केटररला दिलेला पक्का आकडा ही किमान हमी असते. पाने कमी उठली, तरी तेवढ्याचे पैसे द्यावेच लागतात, वाढली तर वाढीव पानांचे वेगळे. म्हणून होकारांची बेरीज ४०० आली, तर हमी ३६० ते ३८० ची द्यावी आणि त्यावर किती पाने त्याच दराने वाढवून मिळतील, हे करारात लिहून घ्यावे. हमी नंतर वाढवता येते, खाली आणता येत नाही. लहान मुलांचे पान अर्धे की मोफत, आणि कोणत्या वयापर्यंत, हेही लिहावे. फोटोग्राफर, वाजंत्री, चालक आणि गुरुजी यांची पाने बहुतेक याद्यांमध्ये राहून जातात. मोठ्या लग्नात ती २५-३० सहज होतात. बुफेत माणसे दुसरी ताटली घेतात, त्यामुळे उष्ट्या ताटल्या मोजल्या तर आकडा फुगतो आणि शेवटी वाद होतो. त्यासाठी ताटल्या एकाच ठरवलेल्या जागेवरून द्याव्यात किंवा कूपन द्यावे, आणि मोजणीला घरचा एक माणूस उभा करावा. पंगतीत हा प्रश्न येत नाही. पाने मांडली की मोजली जातात.

मुदतीनंतर आलेले उत्तर कशावर परिणाम करते, ते पाहून निर्णय घ्यावा. जेवणात उशिराचा होकार सामावतो. मसालेभात, वरण, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या आचारी अर्ध्या-पाऊण तासात वाढवू शकतो, फक्त शिधा हाताशी हवा. १०० पानांना साधारण ८ ते १० किलो तांदूळ लागतो. २० माणसे वाढली, तर दोन किलोंचा प्रश्न असतो. मठ्ठा १०० माणसांना १५ ते २० लिटर धरतात, तोही वाढवता येतो. नगावर मोजलेले पदार्थ मात्र ताणता येत नाहीत: अळूवडी, कटलेट, आधी मागवलेली मिठाई. श्रीखंड माणशी १०० ग्रॅम धरलेले असते, तिथे वाढपी हात आखडता घेतो. हे पदार्थ हमीच्या आकड्यावर न करता अपेक्षित आकड्यावर करून घ्यावेत.

खोल्या आणि बस यांना असा लवचीकपणा नाही. वऱ्हाडासाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली, तर आसने ठरलेली असतात. उशिरा कळवणाऱ्यांसाठी दुसरी गाडी घ्यायची तर ती निम्मी रिकामी धावते. अशा वेळी 'दुपारी थेट कार्यालयावर या, जेवणाची काळजी नाही, बसमध्ये मात्र जागा उरलेली नाही' असे सरळ सांगावे. आढेवेढे घेतलेले उत्तर पाहुण्याला होकार वाटते. वृद्धांसाठी आणि तान्ह्या मुलांच्या आयांसाठी दोन जागा आणि एक खोली यादीबाहेर राखून ठेवावी. ती सहसा रिकामी जात नाही. उशिराचा नकारही मोलाचा असतो. हमी देऊन झाल्यावर तो खर्च वाचवत नाही, पण खोली आणि बसची जागा मोकळी करतो, म्हणून नकार देणाऱ्याला अपराधी वाटेल असे बोलू नये. न बोलावलेली माणसे सोबत येणार असल्याचे उशिरा कळले, तर मराठी घरात जेवणाला नाही म्हणत नाहीत. मुक्कामाला मात्र म्हणता येते.

अमेरिकेतल्या मराठी लग्नांत दोन्ही रीती एकत्र येतात. हॉटेलने राखलेल्या खोल्यांची मुदत बहुधा लग्नाच्या महिनाभर आधी संपते, म्हणजे उत्तराची मुदत तिथे जेवणापेक्षा खोल्यांवरून ठरते. मुले संकेतस्थळावर उत्तरे घेतात आणि आईवडील भारतातल्या नातेवाइकांची उत्तरे फोनवर घेतात. दोन याद्या वेगळ्या राहिल्या, की एकच कुटुंब दोनदा मोजले जाते किंवा दोन्हीकडून सुटते. रोज रात्री त्या एका तक्त्यात आणाव्या लागतात. भारतातून येणाऱ्यांचा होकार व्हिसावर टांगलेला असतो. त्यांना छापील पत्रिकेची वाट न पाहता कित्येक महिने आधी कळवावे, यादीत वेगळ्या खुणेने ठेवावे आणि व्हिसा हातात पडेपर्यंत त्यांची टेबलावरची जागा अशी धरावी, की ती रिकामी राहिली तरी बाकीच्यांना हलवावे लागणार नाही.