उकळणारा दगड आणि पुण्याच्या सुया: झिओलाइटांची ओळख कशी पटत गेली

महाराष्ट्रात विहीर खणताना किंवा खडीसाठी सुरुंग लावल्यावर काळा पाषाण फुटतो, तेव्हा त्याच्या पोकळ्यांत पांढऱ्या सुयांचे झुपके, मोत्यासारखी चमक असलेली पाने आणि काचेसारखे पारदर्शक चौकोनी खडे पुष्कळदा दिसतात. बोलीभाषेत या सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हटले जाते. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. ती त्या पोकळ्यांत असतेच, पण सुया आणि पाने ही बहुतेक वेळा झिओलाइट गटातली खनिजे असतात, आणि ते चौकोनी खडे त्यांच्याबरोबर नेहमी सापडणाऱ्या अपोफायलाइटचे असतात. ही खनिजे एकमेकांपासून वेगळी ओळखायला शास्त्रज्ञांना पावणेदोनशे वर्षे लागली. खनिज कशावरून ओळखायचे, या प्रश्नाचे उत्तरच त्या काळात दोनतीनदा बदलले, आणि त्या बदलांत पुण्याच्या व सह्याद्रीच्या दगडांचाही वाटा आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. थिजणाऱ्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या कोमट आणि गरम पाण्याने बेसाल्टमधील, म्हणजे या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या पाषाणातील, काच व इतर खनिजे विरघळवली आणि त्यातून आलेले सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम, सोडियम या पोकळ्यांच्या भिंतींवर सावकाश स्फटिकरूपात जमा झाले. झिओलाइटे रासायनिकदृष्ट्या सोडियम, कॅल्शियम अशा धातूंची ॲल्युमिनियम-सिलिकेटे आहेत आणि त्यांच्या घडणीत पाणी असते. या पाण्यानेच त्यांचा इतिहास सुरू केला.

स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट याने १७५१ मध्ये निकेल हा धातू शोधला होता. १७५६ मध्ये त्याने स्वीडनच्या उत्तरेकडील स्वापावारा येथील तांब्याच्या खाणीतून आणि आइसलँडहून आलेल्या एका खनिजाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे मुख्य साधन होते फुंकनळी. दिव्याच्या ज्योतीत नळीने हवा फुंकून तिचे अणकुचीदार, अतिशय तप्त टोक चिमट्यात धरलेल्या खनिजाच्या कपच्यावर रोखायचे आणि कपचा वितळतो की फुगतो, ज्योतीला कोणता रंग येतो, मागे काय उरते हे पाहायचे, अशी ती परीक्षा. क्रोनस्टेटच्या हातातला दगड फुगला, त्याला फेस आला आणि तो उकळल्यासारखा दिसला. म्हणून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने त्याला झिओलाइट म्हटले. तो नमुना स्टिल्बाइट या पानासारख्या झिओलाइटचा किंवा त्याच्या अगदी जवळच्या भावंडाचा असावा, असे आज मानले जाते. दोनच वर्षांनी क्रोनस्टेटने आपले नाव न घालता एक ग्रंथ छापला आणि त्यात खनिजांची वर्गवारी रंगरूपावरून न करता त्यांच्या रासायनिक स्वभावावरून केली.

दगडाला आगीत घालून त्याची जात ठरवण्याची कल्पना आपल्याकडेही फार जुनी आहे. रसशास्त्रात, म्हणजे धातू व खनिजांपासून औषधे बनवण्याच्या आयुर्वेदातील शाखेत, अभ्रकाचे चार प्रकार सांगितले आहेत: तापवल्यावर ज्याचे पापुद्रे सुटतात ते पिनाक, जे फूत्कार करते ते नाग, जे बेडकासारखे उडते ते मंडूक आणि ज्यात काहीही बदल होत नाही ते वज्र. पापुद्र्यांत अडकलेले पाणी आणि मिसळलेली इतर द्रव्ये यांच्यामुळे खनिजे आगीत वेगवेगळी वागतात, हे निरीक्षण त्यामागे आहे आणि ते अस्सल आहे. औषधासाठी यांपैकी वज्राभ्रक निवडायचे, हा त्या परीक्षेचा हेतू होता. क्रोनस्टेटचा हेतू मात्र सर्व खनिजांची एक व्यवस्था लावण्याचा होता.

तरीही पुढची पन्नासएक वर्षे खाणीवर आणि शाळांत बाह्य लक्षणांचेच राज्य राहिले. जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात शिकवणाऱ्या आब्राहाम गोटलोप व्हेर्नरने १७७४ मध्ये या लक्षणांची पद्धतशीर मांडणी केली: रंग, कस, चमक, पाटन, भंजन, कठिनता, वजन. यांतली प्रत्येक संज्ञा आजही प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत असते. कस म्हणजे खनिज खरखरीत चिनी मातीच्या तुकड्यावर घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग, पाटन म्हणजे ठरावीक सपाट पातळ्यांवर फुटण्याची वृत्ती, आणि भंजन म्हणजे अशी पातळी नसताना होणारी वेडीवाकडी फूट. फ्रीड्रिख मोस याने १८१२ मध्ये कठिनतेसाठी दहा खनिजांची उतरंड लावून दिली. शंखजिरे १, जिप्सम २, कॅल्साइट ३, असे करत करत क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कुरुंद ९ आणि हिरा १०. हे आकडे क्रम सांगतात, मोजमाप सांगत नाहीत: कुरुंद आणि हिरा यांच्यातले अंतर त्याआधीच्या सर्व पायऱ्यांपेक्षा मोठे आहे. व्यवहारात मात्र ही उतरंड फार उपयोगी पडते. पोकळीतला पांढरा खडा चाकूच्या टोकाने ओरखडला जात नसेल आणि काचेवर चरा पाडत असेल, तर ती ७ कठिनतेची गारगोटी. चाकूने सहज चरा पडत असेल आणि एका बाजूच्या पाटनावर मोत्याची झाक असेल, तर ३.५ ते ४ कठिनतेचे स्टिल्बाइट असण्याची शक्यता मोठी. चरा पडतो पण सौम्य आम्लाच्या थेंबाने फसफसतो, तर कॅल्साइट.

सुयांच्या बाबतीत ही सगळी लक्षणे थिटी पडतात. फ्रान्समधील रने जुस्त आऊई याने स्फटिकांचे आकार आणि पाटनाचे कोन यांवर खनिजशास्त्र उभे केले, १८०६ मध्ये अपोफायलाइटला नाव दिले, झिओलाइटांच्या ढिगातून काही खनिजे वेगळीही काढली. बारीक, लांबट सुयांचे जे झिओलाइट होते, ते मात्र त्याने मेसोटाइप या एकाच नावाखाली ठेवले. सगळ्या सुयांची कठिनता ५ च्या आसपास, विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या तुलनेत वजन) २.२ ते २.३ च्या दरम्यान, रंग पांढरा, कस पांढरा, चमक काचेसारखी. हातात भिंग घेऊन कितीही पाहिले तरी त्यांच्यात फरक सापडत नव्हता, आणि आजही सापडत नाही. फरक रसायनाने काढला. योहान नेपोमुक फुक्स आणि आडोल्फ फर्डिनांट गेलेन या दोघांनी १८१३ ते १८१६ या काळात दाखवून दिले की या सुया तीन वेगवेगळ्या खनिजांच्या आहेत. एकीत सोडियम असते, ते नॅट्रोलाइट. दुसरीत कॅल्शियम असते; ती फुंकनळीच्या ज्योतीत अळीसारखी वळते म्हणून स्कोलेसाइट. तिसरीत सोडियम आणि कॅल्शियम दोन्ही असतात, ती मधली म्हणून मेसोलाइट.

आणि येथे पुणे या गोष्टीत येते. स्फटिकांचे कोन मोजण्यात निष्णात असलेला इंग्लिश खनिजशास्त्रज्ञ हेन्री जेम्स ब्रुक याने १८२२ मध्ये स्टिल्बाइटपासून ह्यूलँडाइट वेगळे काढले. जर्मनीत खनिजशास्त्रज्ञ ब्राइटहाउप्टनेही त्याआधी तो फरक ओळखला होता आणि ती विभागणी आजही टिकून आहे. याच ब्रुकने १८३१ मध्ये पुण्याहून आलेल्या सुयांना नवे खनिज मानून पूनाहलाइट हे नाव दिले. हे नाव टिकले नाही. पुढच्या तपासणीत या सुया मेसोलाइटच्याच ठरल्या, आणि ‘पूनाहलाइट’ आता फक्त जुन्या सूचींत आढळते. पण त्या निष्कर्षाकडे चूक म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही. मेसोलाइट हे दोन खनिजांच्या मधले असल्यामुळे, बाह्य मोजमापांवर विसंबणाऱ्या कोणालाही ते चकवणारच होते. पुण्याच्या सुयांनी त्या पद्धतीची मर्यादा उघड केली, हे त्यांचे मोल.

त्याच दशकात लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या खडकांवरचा आपला प्रबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेपुढे मांडला आणि या प्रदेशाचे पायऱ्यापायऱ्यांचे थर युरोपातील अभ्यासकांना ठाऊक झाले. मोठ्या प्रमाणावर खनिजे उजेडात आली ती रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले आणि १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला. बोगदे आणि खोल खोदाया यांसाठी हजारो मजुरांनी सह्याद्रीचा ताजा, न झिजलेला खडक फोडला. उघड्यावरच्या दगडात ही खनिजे हवापाण्याने पांढुरकी होऊन भुसभुशीत झालेली असतात. आतल्या खडकात ती होती तशी राहिलेली होती. अपोफायलाइट आणि स्टिल्बाइटचे मोठाले स्फटिक तेथून युरोपातील संग्रहालयांत पोहोचले. ज्या हातांनी ते फोडले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

दरम्यान त्या पाण्याचे कोडे अधिकच गहन झाले होते. जिप्सम तापवले की त्यातले पाणी जाते आणि स्फटिक मोडून त्याचे अपारदर्शक पीठ होते. १८४० मध्ये फ्रेंच रसायनज्ञ दामूर याने दाखवले की काही झिओलाइटांतले पाणी हलक्या उष्णतेने काढून घेतले तरी स्फटिक शाबूत राहतो, आणि दमट हवेत ठेवला की तेवढेच पाणी पुन्हा शोषून घेतो. १८५८ मध्ये आइखहोर्न या जर्मन रसायनज्ञाला आढळले की मिठाच्या किंवा चुन्याच्या द्रावणात ठेवल्यास चॅबाझाइट आणि नॅट्रोलाइट या झिओलाइटांतील सोडियम व कॅल्शियम एकमेकांची जागा घेतात, तेही उलटसुलट दोन्ही दिशांनी. घनरूप दगडातून पाणी आणि धातू असे ये-जा कशी करतात, याचे उत्तर त्या काळच्या कोणत्याही सूत्रात नव्हते.

ते १९१२ नंतर मिळाले. माक्स फोन लाउए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण पाठवून त्यातील अणूंची मांडणी नियमित असल्याचे सिद्ध केले, ब्रॅग पितापुत्रांनी त्यावरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली आणि १९३० मध्ये डब्ल्यू. एच. टेलर याने ॲनॅल्साइम या झिओलाइटची, तर लायनस पॉलिंग याने नॅट्रोलाइटची रचना मांडली. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन शेजाऱ्यांत वाटलेला असतो, त्यामुळे तिन्ही दिशांना पसरलेला एक सांगाडा तयार होतो. काही ठिकाणी सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसते. त्याचा धनभार एकाने कमी असल्याने सांगाड्यावर ऋणभार उरतो, आणि तो फेडण्यासाठी सोडियम किंवा कॅल्शियम सांगाड्यातील मार्गिकांत येऊन बसतात. पाण्याचे रेणूही तेथेच असतात. सांगाडा मजबूत, आतले रहिवासी मोकळे: म्हणून पाणी गेले तरी स्फटिक उभा राहतो, आणि म्हणूनच पाणी झपाट्याने वाफ होऊन निघाले की क्रोनस्टेटचा दगड फेसाळतो.

या एका चित्राने व्हेर्नर आणि मोस यांच्या काळातली लक्षणेही उलगडली. झिओलाइट हातात हलके का लागते? सांगाड्यात पोकळी असते म्हणून; क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५, स्टिल्बाइटचे २.२ च्या आसपास. स्टिल्बाइटची पाने का सुटतात? त्याच्या सांगाड्यातले बंध एका पातळीत दाट आणि तिच्या आडव्या दिशेला विरळ असतात म्हणून. नॅट्रोलाइटच्या सुया का होतात? बळकट साखळ्या एकाच दिशेने धावतात आणि बाजूच्या साखळ्यांशी कमी ठिकाणी जोडलेल्या असतात म्हणून. मेसोलाइटचेही रहस्य सुटले: त्यात नॅट्रोलाइटसारखा एक थर आणि स्कोलेसाइटसारखे दोन थर नियमाने आलटून पालटून येतात. ब्रुकच्या पुण्याच्या सुया खरोखरच दोहोंच्या मधल्या होत्या. मार्गिकांतून ठरावीक आकाराचेच रेणू जाऊ शकतात, हे ओळखून १९३२ मध्ये रसायनज्ञ मॅकबेनने ‘रेणवीय चाळणी’ ही संज्ञा रूढ केली आणि पुढे कृत्रिम झिओलाइटांचा मोठा उद्योग उभा राहिला. त्याची कथा स्वतंत्र आहे.

नुसते रासायनिक सूत्र पुरेसे नाही, याचा सर्वांत सुंदर पुरावा पुन्हा पुण्याजवळ मिळतो. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉनचे पाणीयुक्त गर्द निळे खनिज १९६७ मध्ये अमेरिकेतील ऑरेगन राज्यात प्रथम सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचबरोबर पेंटॅगोनाइट हे दुसरे निळे खनिजही नोंदले गेले. दोघांचे रासायनिक सूत्र एकच आहे, फक्त अणूंची मांडणी वेगळी. पुढे वाघोलीच्या दगडखाणींत ही दोन्ही सापडली आणि ऑरेगनपेक्षा कितीतरी सरस निघाली. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले कॅव्हन्साइटचे निळे झुबके आज जगभरच्या संग्रहांत वाघोलीच्या नावाने ओळखले जातात. पुण्याच्या हिरव्या अपोफायलाइटचा रंगही व्हॅनेडियममुळेच आहे, असे १९७४ मध्ये जॉर्ज रॉसमन याने प्रकाशाच्या शोषणावरून दाखवले. अपोफायलाइट स्वतः झिओलाइट नव्हे. त्यात ॲल्युमिनियमचा सांगाडा नसतो, सिलिकेटचे पापुद्रे असतात, आणि त्याचे एकाच दिशेचे निर्दोष पाटन त्यामुळेच आहे.

१९७४ मध्येच मुंबईचे आर. एन. सुखेश्वाला, आर. के. अवासिया आणि एम. गंगोपाध्याय यांनी पश्चिम भारतातील ट्रॅप खडकांतल्या (दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांतल्या) झिओलाइटांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. ही खनिजे वाटेल तशी विखुरलेली नसून त्यांचे पट्टे आहेत, कोठे ह्यूलँडाइट तर कोठे स्कोलेसाइट किंवा लॉमोंटाइट हे आणखी एक झिओलाइट प्रमुख आहे, असे त्यांनी मांडले. त्या ठिकाणचे तापमान, खोली आणि पाण्याची घडण यांची माहिती अशा पट्ट्यांवरून मिळते. म्हणून नमुना कोणत्या खाणीतला, कोणत्या थरातला, ही नोंद रासायनिक विश्लेषणाइतकीच मोलाची ठरते. बाजारात मात्र नगर जिल्ह्यातल्या विहिरीतला स्फटिकही ‘पूना’ किंवा ‘जळगाव’ अशा चिठ्ठीने विकला जातो. पुण्याभोवतीच्या जुन्या खाणी बुजवून त्यांवर इमारती उभ्या राहत असताना ती चिठ्ठी पुढे दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.