मिनेसोटा
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उत्तर सीमेवरचे राज्य. क्षेत्रफळ सु. २,२५,१६३ चौ. किमी.; लोकसंख्या ५७,०६,४९४ (२०२०). राजधानी सेंट पॉल. मिनीआपोलिस हे सर्वांत मोठे शहर तिला लागूनच आहे. उत्तरेस कॅनडा, पूर्वेस विस्कॉन्सिन व सुपीरियर सरोवर, दक्षिणेस आयोवा, तर पश्चिमेस नॉर्थ व साउथ डकोटा.

‘दहा हजार सरोवरांचा प्रदेश’ हे बिरुद इथे अतिशयोक्तीचे नाही. चार हेक्टरांहून मोठी सरोवरेच ११,८४२ भरतात. हिमयुगातील हिमनद्यांनी जमीन खरवडून केलेल्या खळग्यांत ती साठली. उंची म्हणावी तर ईगल मौंटन जेमतेम ७०१ मी.; पण राज्यातले पाणी तीन दिशांना वाहते : उत्तरेस हडसन उपसागराकडे, पूर्वेस सुपीरियरमार्गे अटलांटिककडे आणि दक्षिणेस मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे. मिसिसिपी इटास्का सरोवरातून उगम पावते. हा उगम ‘शोधल्याचे’ श्रेय अमेरिकन समन्वेषक हेन्री स्कूलक्राफ्टला मिळाले, पण १८३२ मध्ये त्याला तिथवर नेले ते ओजिब्वे या मूळ रहिवासी जमातीचा नायक ओझाविंडिब याने.

उगमाच्या अज्ञानातूनच नकाशावर एक विचित्र तुकडा राहिला. लेक ऑफ द वुड्सच्या वायव्य टोकापासून सरळ पश्चिमेस गेल्यास मिसिसिपी लागेल, असे सीमा ठरवणारा अमेरिका व ब्रिटन यांच्यातील १७८३ चा पॅरिस तह धरून चालला होता. नदी उगम पावते ती त्याच्या बरीच दक्षिणेस. पुढे १८१८ मध्ये सीमारेषा त्या टोकापासून खाली ४९° अक्षवृत्तापर्यंत आणली गेली आणि ‘नॉर्थवेस्ट अँगल’ अमेरिकेकडे राहिला. खुष्कीच्या मार्गाने तिथे जायचे, तर आजही कॅनडातून जावे लागते.

हा मुलूख मुळात डकोटा व ओजिब्वे लोकांचा. १८५१ च्या तहांनी डकोटांची बहुतेक जमीन गेली. ११ मे १८५८ रोजी मिनेसोटा ३२ वे राज्य बनले. डकोटांना मिळायचे तहाचे पैसे थकले, उपासमार झाली आणि १८६२ मध्ये डकोटा व अमेरिका यांच्यात युद्ध पेटले. २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी, आणि तिला मंजुरी होती लिंकनची.

नंतर जर्मन, स्वीडिश व नॉर्वेजियन शेतकरी मोठ्या संख्येने आले. सेंट अँथनी धबधब्याच्या बळावर मिनीआपोलिसच्या पिठाच्या गिरण्या जगात अग्रेसर ठरल्या. १८९० च्या दशकापासून मेसाबी पट्ट्यातील लोहखनिज सुपीरियरच्या बंदरांतून पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले. उत्तम प्रतीचे खनिज संपत आल्यावर टॅकोनाइट हा कमी कसाचा खडक दळून त्याच्या गोळ्या करण्याचे तंत्र आले. खाणी आजही त्यावरच चालतात.