चंद्रावरच्या घरासाठी नत्र कुठून आणायचं?

जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वराच्या आवारात उतरलं की ऐन मे महिन्यातही दगडाचा गारवा अंगाला लागतो. आठव्या शतकात कोरलेलं हे लेणं ज्या काळ्या कातळात आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झालेला बेसॉल्ट. पुण्याभोवतीच्या टेकड्या, जुन्या वाड्यांची जोती, सिंहगडाचा कडा, सगळं याच दगडाचं. चंद्रावर जे काळपट डाग आपल्याला इथून दिसतात, तेही बेसॉल्टचेच. तो बेसॉल्ट बहुतांशी तीन अब्ज वर्षांहून जुना आणि पाण्याचा अंश जवळजवळ नसलेला, एवढाच फरक. त्यामुळे चंद्रावर राहायचं कसं, असा प्रश्न आला की लेणी बघत वाढलेल्या माणसाला 'कातळात शिरा' हे उत्तर पहिल्यांदा सुचतं, आणि ते बरोबरच आहे.

चंद्रावर विषुववृत्ताजवळ भर दुपारी जमीन १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि रात्री उणे १७० पर्यंत उतरते. पण ही सगळी उलथापालथ वरच्या पातळ थरातच होते. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरच्या 'चास्टे' उपकरणाने मातीत सळई खुपसून तापमान मोजलं. पृष्ठभागावर ते ५० अंशांच्या आसपास होतं, आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १०! चार बोटांच्या अंतरात ६० अंशांचा फरक. एवढी चांगली उष्णतारोधक माती तिथे फुकट पसरलेली आहे. किरणोत्सारावरही तीच उपयोगी. चीनच्या चांग-अ-४ यानाने मोजल्याप्रमाणे चंद्रावर उघड्यावर मिळणारी किरणोत्साराची मात्रा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या मात्रेच्या अडीचपटीहून जास्त आहे. डोक्यावर दोन-तीन मीटर माती घेतली की ती बरीच आटोक्यात येते. तयार गुहाही आहेत. चंद्रावरच्या 'शांतीसागर' नावाच्या काळपट मैदानातल्या एका खोल खड्ड्याच्या तळापासून बोगदा निघतो, हे इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये जुन्या रडार नोंदींमधून दाखवलं. त्या खड्ड्याच्या सावलीतलं तापमान १७ अंशांच्या आसपास राहतं, असा अंदाज त्याआधीच आलेला होता. पुण्यातली डिसेंबरची सकाळही बऱ्याचदा याहून थंड असते.

मग अडतं कुठे? पहिली अडचण दाबाची. पृथ्वीवर घर बांधताना छत खाली येऊ नये, ही चिंता असते. चंद्रावर छत वर उडू नये, ही. आपल्याभोवतीची हवा दर चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा दाब देते. आत-बाहेर दोन्हीकडे तो सारखा असल्यामुळे आपल्याला जाणवत नाही. चंद्रावर बाहेर काहीच नाही. तिथे दोन चौरस मीटरच्या साध्या दारावर आतून २० टनांचा रेटा बसेल. वर माती टाकून तो रेटा तोलता येईल का? गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश, मातीची घनता पाण्याच्या १.७ पट धरली, तर पूर्ण वातावरणाचा दाब तोलायला जवळजवळ ३७ मीटर माती लागते. सलग बेसॉल्ट असेल तर २० मीटरच्या वर. म्हणजे खोल गुहा ताकदीला पुरेल, पण हवा धरून ठेवायला ती पुरणार नाही. पुण्यात बोअरला पाणी लागतं ते बेसॉल्टमधल्या भेगा आणि सांध्यांमुळेच. अखंड दिसणारा कातळ आतून फटींचं जाळं असतो. जिथून पाणी जातं तिथून हवाही जाते. गुहेच्या आत हवाबंद अस्तर लावावंच लागेल, आणि जगातलं कोणतंही अस्तर, कोणतंही दार, कोणताही सांधा थोडासा गळतोच.

माझ्या मते चंद्रावरच्या स्वयंपूर्ण घराचा सगळा प्रश्न या 'थोडासा' शब्दात आहे. गळतीने जे जाईल ते चंद्रावर परत मिळतं की नाही, यावर ते घर किती दिवस चालेल हे ठरतं.

पाणी मिळेल. चांद्रयान-१ ने चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या. त्यानंतर ९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाच्या एलक्रॉस मोहिमेने दक्षिण ध्रुवाजवळच्या केबियस विवराच्या कायमच्या अंधारात रॉकेटचा रिकामा टप्पा आदळवला, तेव्हा उडालेल्या धुरळ्यात वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी निघालं. अंतराळ स्थानकात आज ९८ टक्के पाणी पुन्हा वापरात येतं. माणशी दिवसाला १५ लिटर वापर धरला, तर २ टक्क्यांची तूट वर्षाला ११० लिटरच्या घरात जाते. म्हणजे दोन टन बर्फाळ माती. जमण्यासारखं काम आहे. प्राणवायूचंही तसंच. माणसाला रोज सुमारे ८४० ग्रॅम लागतो, आणि चांद्रमातीच्या वजनातला ४० टक्क्यांहून जास्त वाटा प्राणवायूचाच आहे. तो धातूंशी घट्ट बांधलेला असल्यामुळे काढायला प्रचंड ऊर्जा लागते. पण रीत माहीत आहे: वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ९५० अंशांना विजेच्या साहाय्याने चांद्रमातीसारख्या मातीतला बहुतेक सगळा प्राणवायू प्रयोगशाळेत काढून झाला आहे.

नत्राचं, म्हणजे नायट्रोजनचं, मात्र अवघड आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नत्र. त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही, कारण ते श्वासासोबत आत जातं आणि तसंच बाहेर येतं. पण निव्वळ प्राणवायूने भरलेल्या खोलीत ठिणगी पडली तर काय होतं, हे १९६७ मध्ये अपोलो-१ च्या तीन अंतराळवीरांच्या मृत्यूने दाखवून दिलं. हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण कमी ठेवायला नत्र हवं. प्रथिनांसाठी हवं. पिकांना तर हवंच हवं. चंद्रावर ते जवळजवळ नाही. सौरवाऱ्याबरोबर, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या कणांच्या झोताबरोबर, येऊन मातीच्या कणांत अडकलेलं नत्र एका टनात साधारण १०० ग्रॅम भरतं. कार्बनही जवळपास तेवढाच.

आता एक साधा हिशेब मांडू. बाहेर जाण्यासाठी दोन दारांमधली हवाबंद खोली लागते. ती ४ घनमीटरची धरू. बाहेरचं दार उघडण्याआधी तिच्यातली ९० टक्के हवा पंपाने आत ओढून घेतली, तरी दर वेळी ४०० लिटर हवा बाहेर निसटेल. त्यात सुमारे ३६० ग्रॅम नत्र. रोज एकदा दार उघडलं, तर वर्षाला १३० किलो. तेवढं नत्र चंद्रावर मिळवायचं, तर १,३०० टन माती तापवून तिच्यातला शेवटचा कण गोळा करावा लागेल. एका दारासाठी!

म्हणून मला 'बाहेर टांगलेला पोशाख' ही कल्पना फार मोलाची वाटते. अंतराळवीराचा पोशाख घराच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने जोडलेला, पाठीला झडप. माणूस आतून झडप उघडून पोशाखात शिरतो, झडप लावतो आणि चालू पडतो. वाया जाते ती फक्त दोन झडपांमधली हवा. शिवाय धूळ बाहेरच राहते. चंद्रावर पाणी-वारा नसल्यामुळे धुळीच्या कणांच्या कडा कधी झिजलेल्याच नाहीत. अपोलो-१७ चे भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिट यांचं नाक त्या धुळीने चोंदलं होतं. दारांच्या रबरी सांध्यांत हीच धूळ बसली की गळती वाढत जाते.

कार्बनच्या हिशेबाचा धडा पृथ्वीवरच मिळालेला आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये 'बायोस्फिअर-२' नावाचं सव्वा हेक्टरचं काचघर उभारलं होतं. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं आत गेली आणि दोन वर्षं तिथे राहिली. शेती, छोटं जंगल, लहानसा समुद्रसुद्धा आत होता. पण प्राणवायू हळूहळू उतरायला लागला. सोळा महिन्यांत तो २०.९ टक्क्यांवरून सुमारे साडेचौदा टक्क्यांवर आला. माणसं चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर राहावीत तशी धापा टाकू लागली, आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कारण शोधताना एक कोडं पडलं. शेतात भरपूर सेंद्रिय खत घातलं होतं. ते कुजवताना मातीतले जिवाणू प्राणवायू खात होते, इतपत कळलं. पण मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत वाढायला हवा होता. तो गेला कुठे? तो काँक्रीटमध्ये गेला होता. आतल्या उघड्या काँक्रीटमधल्या चुन्याने तो शोषून त्याचा कॅल्शियम कार्बोनेट केला होता. ज्या भिंती फक्त आधारासाठी बांधल्या होत्या, त्यांनी दोन वर्षं गुपचूप श्वास घेतला.

चंद्रावर बांधकामाचं साहित्य निवडताना हे लक्षात ठेवायला हवं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने आणि इस्रोने मिळून २०२० मध्ये चांद्रमातीसारख्या मातीच्या विटा तयार केल्या. युरिया, गवारीचा डिंक आणि जिवाणू एवढ्यावर माती घट्ट बांधली जाते. युरिया माणसाच्या लघवीतून मिळू शकतो. कल्पना सुंदर आहे. पण या विटेत युरियातला कार्बन कार्बोनेट होऊन कायमचा अडकतो आणि अमोनिया मोकळा होतो. त्यातला अमोनिया नीट गोळा करून शेताकडे वळवला, तर ही वीट परवडेल. नाही वळवला, तर प्रत्येक भिंत उद्याच्या जेवणातून वजा होईल. कार्बन लागत नाही अशी भाजलेल्या बेसॉल्टची फरशी मला तिथे जास्त सोयीची वाटते.

आपण दिवसाला ७० ग्रॅम प्रथिनं खाल्ली, तर साधारण ११ ग्रॅम नत्र शरीराबाहेर टाकतो, त्यातलं बहुतेक लघवीतून. चंद्रावर हेच सर्वांत मौल्यवान खत. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत हवा सोडणारे ब्लोअर रात्रंदिवस घरघरत असतात. त्या हवेवर जगणारे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. नायट्रेट म्हणजे पिकाला हवं तसं नत्र. पण टाकीत हवा कमी पडली की दुसऱ्या जातीचे जिवाणू जोर धरतात आणि नायट्रेटचं पुन्हा वायुरूप नत्र करून टाकतात. पृथ्वीवर त्याची फिकीर नाही. चंद्रावर ते हवेत राहील, पण पिकाच्या हाताबाहेर जाईल. हे चक्र मोजूनमापून चालवायचं काम युरोपीय अंतराळ संस्थेचा 'मेलिसा' प्रकल्प १९८९ पासून करतो आहे: एका टाकीत मैला कुजवणारे जिवाणू, पुढच्या टाकीत अमोनिया बदलणारे, त्यानंतर स्पिरुलिना शेवाळ आणि पिकं. चीनमध्ये बेहांग विद्यापीठाच्या 'युएगोंग-१' या बंद प्रयोगशाळेत २०१७-१८ मध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीने मिळून ३७० दिवस राहिल्या. पिकांच्या टाकाऊ भागावर अळ्या पाळून त्या खाण्यापर्यंत त्यांनी मजल मारली.

हवेत गेलेलं नत्र परत आणणारं पीक आपल्या ओळखीचं आहे. भुईमुगाचं रोप उपटून मुळं बघा: मोहरीएवढ्या गाठी दिसतील, आणि जिवंत गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग. तिथले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पकडून रोपाला देतात. तेल, प्रथिनं आणि नत्र एकाच रोपात मिळत असेल, तर चंद्रावरच्या शेतात भुईमुगाला पहिला मान द्यावा असं मला मनापासून वाटतं. जोडीला रताळी, ज्यांचा पालाही खाता येतो. मात्र सरळ चांद्रमातीत पेरून चालणार नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो मोहिमांच्या खऱ्या मातीत, रोपाला एकेक ग्रॅम माती देऊन, मोहरीच्या कुळातली अरॅबिडॉप्सिस ही वनस्पती लावली. सगळं बी रुजलं. पण रोपं खुरटली, काहींची पानं जांभळट पडली. मातीत धड अन्न नाही, वर ती बोचरी.

एका माणसाचं पूर्ण अन्न पिकवायला साधारण ४५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे पुण्यातला वन बीएचके. तिथे दिवे लावायला चौरस मीटरला ३०० वॅट धरले, तर रोज १६ तासांची वीज २१६ युनिट. चंद्राची रात्र १४ दिवसांहून मोठी. तेवढ्या काळात ३,००० युनिटच्या वर. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराला ही वीज वीस महिने पुरेल. बॅटरीत साठवायची, तर माणशी १५ टन लिथियम बॅटरी न्यावी लागेल. म्हणून दक्षिण ध्रुवाची एवढी ओढ. तिथल्या काही कड्यांवर वर्षाचा बहुतेक काळ ऊन असतं आणि बर्फही जवळ आहे. ध्रुवाचा आग्रह नसेल, तर छोटी अणुभट्टी नेण्याला पर्याय दिसत नाही.

भारताने २०४० पर्यंत चंद्रावर माणूस उतरवण्याचं उद्दिष्ट ठरवलं आहे. रॉकेटची तयारी श्रीहरिकोटा आणि बंगळुरूला होईल. नत्राचा ताळेबंद मात्र पुण्यातही मांडता येईल. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, आणि जिवाणूंच्या हजारो जाती जपणारं राष्ट्रीय केंद्रही याच शहरात आहे. एक हवाबंद खोली, तिच्यात भुईमूग आणि रताळी, बाजूला सांडपाण्याची छोटी टाकी, आणि आत-बाहेर जाणारा नत्राचा प्रत्येक ग्रॅम वर्षभर तोलणारी माणसं. या प्रयोगाला चंद्रावर जावं लागत नाही. पहिल्या वर्षी शंभरातले किती ग्रॅम हिशेबात सापडले, हा आकडा हातात आला की घराचं पुढचं डिझाइन तिथून सुरू करता येईल.