डिजिटल केबलमुळे आवाज बदलतो का?

महागड्या डिजिटल केबलने आवाज अधिक खुलतो, या दाव्याला बहुधा एकच उत्तर दिले जाते: केबलमधून केवळ शून्य आणि एक जातात, ते बिनचूक पोहोचले की काम संपले. यातला निष्कर्ष बव्हंशी बरोबर असला, तरी कारण अपुरे आहे, कारण ध्वनीच्या बाबतीत आकडा किती आहे याइतकेच तो कोणत्या क्षणी वापरला जातो यालाही महत्त्व असते.

सीडीवर प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला 44,100 नमुने, म्हणजे तरंगाची क्षणाक्षणाची मोजमापे, आकड्यांत नोंदलेले असतात. या आकड्यांपासून विद्युत तरंग घडवणाऱ्या डॅक या उपकरणाने दर 22.7 मायक्रोसेकंदांनी पुढचा नमुना घ्यायचा असतो. हे अंतर किंचित मागेपुढे होत राहिले, तर आकडे अचूक असूनही तरंगाचा आकार बिघडतो. यालाच जिटर म्हणतात. तरंग जितका वेगाने बदलतो तितका हा बिघाड वाढतो. तरीही 10 किलोहर्ट्झच्या स्वरात 1 नॅनोसेकंद जिटर असेल, तर त्यातून उपजणारी विकृती मूळ स्वराच्या सुमारे 84 डेसिबल खाली, म्हणजे अत्यंत क्षीण असते.

केबलचा संबंध येतो तो घड्याळामुळे. सोनी आणि फिलिप्स यांच्या एस/पीडीआयएफ या डिजिटल ध्वनी पाठवण्याच्या पद्धतीत वेळेचे ठोके संकेतातच गुंफलेले असतात आणि डॅकला ते त्यातून वेगळे काढावे लागतात. यासाठी वापरल्या जाणाऱ्या कोॲक्शियल केबलचा संरोध (इम्पीडन्स) ठरलेल्या 75 ओहमशी जुळला नाही, तर संकेताचा काही भाग परावर्तित होतो, ठोके दर्शवणाऱ्या संकेताच्या कडा सरकतात आणि जिटर वाढतो. हा फरक उपकरणाने मोजता येतो, म्हणून तो नाकारणे मला अप्रामाणिक वाटते. मात्र चांगला डॅक ही थरथर बरीचशी गाळून टाकतो, आणि असिंक्रोनस यूएसबीमध्ये तर डॅकचे स्वतःचे स्फटिक घड्याळच गती ठरवते. आलेले आकडे आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबतात, त्यामुळे ते केबलमधून नेमके कधी आले याला महत्त्व उरत नाही.

राहिला प्रश्न कानांचा. 2005 साली जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संगीतातला अनियमित जिटर ओळखण्यासाठी प्रशिक्षित श्रोत्यांनाही तो काही शे नॅनोसेकंदांइतका असावा लागला. एकाच शुद्ध स्वरावरचा नियमित जिटर याहून लवकर जाणवतो, पण आपण ऐकतो ते संगीत.

केबल खरोखर सदोष असेल, तर आवाज धूसर होत नाही. टकटक ऐकू येते किंवा तो मध्येच तुटतो. सतत गुणगुण येत असेल, तर तिचे मूळ अनेकदा दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये असते आणि विद्युत जोडणीच तोडणारी साधी ऑप्टिकल केबल तिथे उपयोगी पडते.