इंग्लिश पितृपूर्वजाचा डीएनए-शोध

इंग्लंडमधल्या एखाद्या घराण्याचा मूळपुरुष कागदोपत्री सापडत नसेल, तर हयात वंशजांच्या डीएनएवरून त्याचा माग काढण्याची पद्धत. न सापडणारा हा पुरुष बहुधा अनौरस अपत्याचा बाप असतो. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 पासून सुरू झाली. 1875 पासून अविवाहित आईच्या अपत्याच्या दाखल्यात बापाचे नाव तो स्वतः आईसोबत येऊन सही करील तरच लागे. एरवी रकाना कोरा. पुढे त्या अपत्याच्या लग्नाच्या दाखल्यात बापाचे नाव दिसते खरे, पण लाजेपोटी आजोबाचे किंवा सावत्र बापाचे, नाहीतर चक्क रचलेले नाव सांगितले जाई. अपत्याला मधले नाव म्हणून एखादे परके आडनाव दिलेले असेल, तर ते मात्र टिपून ठेवावे. पुष्कळदा ते खऱ्या बापाचे निघते.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसेच्या तसे जाते आणि आडनावही त्याच वाटेने चालते. चाचणी देणारा पुरुष त्या पूर्वजापासून मुलगा, मुलाचा मुलगा अशा सलग ओळीतला हवा. मध्ये एक मुलगी आली की ही वाट बंद. आर-एम269 हा वाय गुणसूत्राचा गट (एका प्राचीन पुरुषापासून निघालेली शाखा) निम्म्याहून अधिक इंग्लिश पुरुषांत असल्याने नुसता गट जुळून काही सिद्ध होत नाही. वाय गुणसूत्रावरच्या तपासायच्या ठरावीक जागांना खुणा म्हणतात; अशा 37 खुणा जुळल्या तरी समान पूर्वज शंभर वर्षांपूर्वीचा की पाचशे, ते ठरत नाही. त्यासाठी 111 खुणा किंवा बिग वाय-700 ही अधिक सखोल वाय-चाचणी लागते. विरळ आडनावांत ही चाचणी खरी कामाला येते. लेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासात ॲटनबरो आडनावाचे बहुतेक पुरुष एकाच वाय-वंशातले निघाले. स्मिथांच्या बाबतीत तशी आशा नको.

प्रत्यक्ष शोध बहुतेक वेळा ऑटोसोमल चाचणीनेच, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेल्या इतर गुणसूत्रांच्या चाचणीने लागतो. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीची लाळ आधी घ्यावी, कारण दर पिढीला त्या पूर्वजाचा वाटा साधारण निम्मा होतो. लाळ देण्यापूर्वी अर्धा तास खाणे, पिणे, धूम्रपान बंद. नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ हवी, फेस धरायचा नाही. ॲन्सेस्ट्री ही चाचणी-कंपनी इतर कंपन्यांच्या डीएनए-फाइली घेत नाही, म्हणून चाचणी तिथेच करून फाइल जीईडीमॅच या तुलनेच्या संकेतस्थळावर चढवावी. ‘इतके टक्के इंग्लिश’ सांगणारा रंगीत नकाशा या कामी निरुपयोगी.

जुळलेल्यांपैकी 90 ते 400 सेंटीमॉर्गनचे (सेंटीमॉर्गन हे सामाईक डीएनएचे माप) नातेवाईक लीड्स पद्धतीने, म्हणजे आपापसांतही जुळणाऱ्यांना एकत्र ठेवून, चार आजी-आजोबांच्या चार गटांत वाटतात. ओळखीचे गट बाजूला काढले की उरलेल्या गटातल्या लोकांच्या वंशावळी मांडून त्यांचे सामाईक जोडपे शोधायचे. अनौरस अपत्याच्या आईकडचा एखादा नातेवाईक चाचणीला राजी झाला तर गाळणी फार सोपी होते. मुंबई इलाख्यातल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत आईकडची बाजू पूर्ण भारतीय असेल, तर इंग्लंडमधले जुळणारे लोक बापाकडचेच धरता येतात. अशा घराण्यांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत.

जोडपे सापडले तरी त्याच्या कोणत्या मुलाचा हात, हा प्रश्न उरतोच आणि घोटाळा नेमका इथे होतो. अज्ञात पुरुष चाचणी देणाऱ्याचा पणजोबा असेल, तर त्याच्या औरस संततीतले त्याच पिढीचे वंशज सरासरी 120 सेंटीमॉर्गनच्या आसपास जुळतात, त्याच्या भावाचे सुमारे 73. पण दोन्हींचे पल्ले एकमेकांत शिरतात, शिवाय भावाच्या एखाद्या वंशजाशी काहीच न जुळणेही शक्य असते. म्हणून प्रत्येक भावाचे दोन-तीन वंशज तपासावेत, एका आकड्यावर निकाल देऊ नये. मग गर्भधारणेच्या सुमारास कोणता भाऊ त्या गावात होता, हे दर दहा वर्षांच्या जनगणनेतून पाहायचे; 1841 च्या जनगणनेत प्रौढांची वये पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, हे ध्यानात ठेवून. आईने पोटगीसाठी अर्ज केला असेल, तर स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशात बापाचे नाव सरळ लिहिलेले सापडते.