अंड्यात अडकलेल्या पिल्लाला मदत

अंड्यात अडकलेल्या पिल्लाला मदत : घरगुती इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या पेटीत, दिवस भरूनही ज्या पिल्लाला कवच फोडून स्वतः बाहेर येता येत नाही, त्याचे कवच व आतला पापुद्रा हाताने सोडवून त्याला वाट करून देण्याची पद्धत. कोंबडीच्या अंड्यांत ही वेळ साधारण 20 ते 22 व्या दिवशी येते. बदक व टर्की यांची अंडी 28 दिवसांनी, जपानी लाव्याची 17-18 दिवसांनी फुटतात, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक वेगळे असले तरी पद्धत तीच. हाताचे काम यात दहा-पंधरा मिनिटांचे असते. बाकीचा सगळा वेळ अंड्याकडे पाहत थांबण्याचा असतो, आणि नवख्या पाळणाऱ्याच्या हातून पिल्लू दगावते ते बहुधा हे थांबणे न जमल्यामुळे.

पिल्लू बाहेर येते कसे : कधी मदत करावी हे कळण्यासाठी आत काय चालले आहे ते आधी माहीत हवे. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. वाढत्या गर्भाला श्वास पुरवते ती कवचाच्या आतून पसरलेली रक्तवाहिन्यांची जाळी. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून येणारा प्राणवायू ही जाळी शोषून घेते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवसापर्यंत पिल्लू एवढे मोठे होते की छिद्रांतून येणारी हवा त्याला पुरेनाशी होते आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढतो. मानेच्या मागच्या बाजूला खास या कामासाठी फुगलेला स्नायू असतो, तो झटके देऊ लागतो. चोचीच्या टोकावरच्या टोकदार कंगोऱ्याने पापुद्रा फाटतो, चोच हवेच्या पोकळीत शिरते आणि पिल्लू आयुष्यातला पहिला श्वास फुप्फुसांनी घेते. कानाशी धरले तर अंड्यातून चिवचिव ऐकू येते ती या टप्प्यावर. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून आतली वाढ नोंदवली होती. विसाव्या दिवसाच्या सुमाराला आतले पिल्लू हलते आणि आवाज करते, हे त्यानेही लिहून ठेवले आहे.

पुढच्या काही तासांत, कधी अर्ध्या दिवसाने, बाहेरून कवचाला तारा फुटल्यासारखी चीर किंवा बारीक भोक दिसते. ही टोच. टोच पडल्यावर पिल्लू थांबते, आणि पाळणाऱ्याचा धीर सुटतो तो इथेच. बारा तास, अठरा तास, कधी पूर्ण दिवस काहीच घडत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, बिचारे थकले, अडकले. आत मात्र दोन मोठी कामे चाललेली असतात. जाळीतले रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढले जाते आणि रक्तवाहिन्या सुकतात. उरलेला पिवळा बलक पिशवीसकट बेंबीवाटे पोटात जातो आणि बेंबी मिटते. ही कामे आटोपली की पिल्लू अंगाला पीळ देत फिरू लागते. रुंद टोकाकडून पाहिले तर ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सरकत कवच गोलाकार कापत जाते. कापायला एकदा सुरुवात झाली की अर्ध्या तासात ते दोन-तीन तासांत टोपी उडते आणि ओलेचिंब पिल्लू पायांच्या रेट्याने बाहेर येते.

मधल्या थांब्यात कोणी कवच सोलले, तर ओल्या पापुद्र्यातल्या जिवंत रक्तवाहिन्या फाटतात. ते रक्त पिल्लाचेच असते. चाळीसेक ग्रॅमच्या जिवाच्या अंगात रक्त ते किती असणार. थोड्याशा रक्तस्रावानेही ते जाते. बलक पोटाबाहेर राहिलेले पिल्लूही क्वचितच जगते. टोच पडल्यावर निदान 24 तास हात लावू नये, हा पाळणाऱ्यांत रूढ असलेला नियम यावरून आला आहे. त्याला मी एकच जोड देईन : घड्याळापेक्षा पापुद्र्याकडे पाहावे.

अडकण्याची कारणे : पिल्लू विसाव्या दिवशी अडकते, पण त्याचे कारण बहुतेक वेळा आधीच्या अठरा दिवसांत घडलेले असते. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअस लागते. बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ते सुमारे एक अंश जास्त ठेवतात. अर्धा अंश सतत कमी राहिला तरी पिल्ले उशिरा आणि मरगळलेली निघतात. जास्त राहिला तर लवकर निघतात आणि बेंबी उघडी राहते. थर्मोकोलचा डबा, बल्ब आणि स्वस्तातला थर्मोस्टॅट यांवर केलेल्या पेटीत आकडा एक आणि खरे तापमान दुसरे असे सर्रास होते. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर पेटीत ठेवून आकडा ताडून पाहणे ही सर्वांत सोपी खात्री, कारण तो नेमका याच टप्प्यात अचूक असतो. भारनियमनात पेटी थंड पडली तर ब्लँकेट पांघरून तिच्यातली ऊब धरून ठेवावी, मात्र हवेची भोके बुजवू नयेत.

आर्द्रतेचा घोळ याहून मोठा. पहिले अठरा दिवस ती 45 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 75 टक्के हवी. अंड्यातले पाणी बाष्प होऊन थोडे थोडे जायलाच हवे. अठराव्या दिवसापर्यंत वजन 12-13 टक्क्यांनी उतरावे. साठ ग्रॅमचे अंडे तोवर साडेबावन्न ग्रॅमच्या आसपास आले पाहिजे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे कळते, आणि हवेतल्या आर्द्रतेच्या कोणत्याही मापकापेक्षा ही मोजणी भरवशाची. कोकणात पावसाळ्यात पेटीत पाणी न ठेवताही आर्द्रता वर राहते. मग अंड्यात पाणी उरते, हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होते आणि पोकळीत चोच घातल्यावर त्या पाण्यातच गुदमरते, किंवा डिंकासारख्या चिकट द्रवाने माखून कवचाला चिकटते. विदर्भातल्या मे महिन्यात उलटे होते. वाटीतले पाणी दोन दिवसांत आटते, पोकळी वाजवीपेक्षा मोठी होते, पापुद्रा सुकून चिवट होतो आणि पिल्लाला प्लास्टिकसारखा आवळून धरतो.

शेवटच्या तीन दिवसांत झाकण वारंवार उघडले तरी हेच घडते. पहिले पिल्लू निघाले की घरातली मुले ते बघायला, हातात घ्यायला धावतात. झाकण उघडताच ओलावा बाहेर जातो आणि ज्या दुसऱ्या अंड्याला नुकतीच टोच पडली आहे त्याचा पापुद्रा कोरडा होऊन पिल्लाच्या पिसांना घट्ट बसतो. म्हणजे एका पिल्लाच्या कौतुकात दुसरे अडकते. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करून झाकण लावायचे आणि मग उघडायचे नाही, याला हौशी पाळणारे ‘लॉकडाऊन’ म्हणतात. खुडूक कोंबडीही शेवटचे दोन दिवस पाटीवरून सहसा उठत नाही.

तिसरे कारण पिल्लाच्या बैठकीचे. नीट बसलेल्या पिल्लाचे डोके उजव्या पंखाखाली आणि चोच पोकळीकडे असते. कधी डोके मांड्यांत असते, कधी डाव्या पंखाखाली, कधी पाय डोक्यावर, तर कधी पिल्लू पार उलटे होऊन निमुळत्या टोकाला टोच मारते. अंडी निमुळते टोक वर करून ठेवली, किंवा पुरेशी फिरवली नाहीत, तर असे होण्याचा संभव वाढतो. याशिवाय कोंबड्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वांची, विशेषतः रायबोफ्लेविनची, कमतरता असेल; एकाच घरातल्या कोंबड्यांचा वर्षानुवर्षे आपसात संकर होत असेल; किंवा अंडी आठवड्याहून जास्त काळ साठवून मग बसवली असतील, तरी पिल्ले अशक्त निघतात.

मदतीची पद्धत : प्रथम वेळ लिहून ठेवावी. टोच पडून 24 तास झाले आणि काहीच पुढे सरकले नाही, किंवा कापणे सुरू होऊन तीन-चार तास त्याच जागी थांबले, किंवा टोचेच्या कडेचा पापुद्रा पांढरा न राहता तपकिरी व कागदासारखा कडक झाला, तर अंडे बाहेर काढून पाहायला हरकत नाही. खोली उबदार हवी, पंखा बंद हवा. हात साबणाने धुतलेले हवेत. चिमटा उकळत्या पाण्यातून काढून निववलेला, सोबत कोमट पाणी, खोबरेल तेल, कापसाची काडी आणि बारीक टॉर्च. आणखी अंड्यांना टोच पडलेली असेल तर झाकण उघडताना पेटीत कोमट पाण्यात पिळलेले फडके ठेवावे.

अंधारात टॉर्च लावून पोकळीची कड पेन्सिलीने आखून घ्यावी. त्या रेषेच्या वरचे कवच तेवढे चिमट्याने थोडे थोडे उचलावे. तिथे रक्त नसते. मग आतल्या पांढऱ्या पापुद्र्यावर कापसाच्या काडीने कोमट पाणी किंवा खोबरेल तेल लावावे. चोचीवरच्या नाकपुड्यांत थेंब जाऊ देऊ नये. ओला होताच पापुद्रा पारदर्शक होतो आणि खाली काय आहे ते दिसते. लाल, ताठ रक्तवाहिन्या दिसल्या तर काम तिथेच थांबवायचे. अंडे परत पेटीत, आर्द्रता वाढवायची, आणि तीन-चार तासांनी पुन्हा पाहायचे. वाहिन्या फिकट, सुकलेल्या दिसल्या तरच पुढे जायचे. पिल्लू तोंड उघडझाप करत काही चावल्यासारखे करत असेल, तर बलक अजून आत जात आहे असे अनुभवी पाळणारे मानतात आणि त्याला हात लावत नाहीत.

वाहिन्या सुकल्याची खात्री झाल्यावर चोचीपासून सुरुवात करून पापुद्रा हलकेच मागे सारावा आणि डोके पंखाखालून मोकळे करावे. पिसे चिकटली असतील तर ओढू नयेत. भिजवावे, थांबावे, पुन्हा भिजवावे. डोके व मान सुटली की हात काढून घ्यावा. खालचे अर्धे कवच तसेच ठेवून अंडे पेटीत आडवे ठेवावे. बेंबी या अर्ध्या भागात असते, आणि ती पूर्ण मिटली आहे का हे बाहेरून कळत नाही. बहुतेक पिल्ले तास-दोन तासांत स्वतःच लाथा मारून सुटतात. त्या लाथांनी पायांत बळ येते, म्हणूनही शेवटचा रेटा त्यांचा त्यांनाच देऊ द्यावा. मध्येच रक्त आले तर स्वच्छ कापसाने किंवा चिमूटभर कॉर्नफ्लोअरने हलका दाब द्यावा आणि त्या दिवसापुरते सोलणे बंद करावे.

निमुळत्या टोकाला टोच मारलेले अंडे पाहून जीव धास्तावतो, कारण त्या बाजूला हवेची पोकळी नसते. तरी तिथेही घाई उपयोगाची नाही. श्वासापुरते भोक मोकळे ठेवावे, त्याच्या कडा ओल्या ठेवाव्यात आणि वाहिन्या सुकण्याची वाट पाहावी. अशी बरीच पिल्ले मदतीशिवायही निघतात. आत चिवचिव ऐकू येते, पण दिवस उलटला तरी बाहेर टोच नाही, अशा वेळी पोकळीच्या माथ्यावर जाड सुईने हळूहळू कोरून एक बारीक छिद्र पाडतात. हवा मिळाली की पिल्लाला आणखी वेळ मिळतो.

मदत करावी की नाही : मोठ्या हॅचरीत हा प्रश्न उद्भवत नाही. खडकीच्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणी किंवा खासगी कारखान्यात ठरल्या वेळी ट्रे बाहेर काढतात आणि न फुटलेली अंडी बाजूला जातात. हजारोंच्या हिशेबात एकेका अंड्यापाशी कोणी बसू शकत नाही. प्राचीन इजिप्तच्या मातीच्या उबवणी भट्ट्यांत अंडे पापणीला लावून ऊब पारखणारे कारागीर होते. कामाचा आवाका मोठा असल्याने त्यांचाही भर ऊब अचूक राखण्यावर असे. घरच्या पाळणाऱ्यांत मात्र दोन मते आहेत. जे स्वतः निघू शकत नाही ते अशक्तच, त्याला वाचवले तर कळपात अशक्तपणा उतरतो, असे एक मत. ते पूर्ण खोटे नाही. पण आपण वाटीत पाणी घालायला विसरलो म्हणून पापुद्रा सुकला असेल, तर दोष पेटीचा आहे, पिल्लाच्या रक्ताचा नाही. त्याला मरू देण्यात कसलीही निवड होत नाही. माझ्या मते अशा पिल्लाला मदत करावी, त्याच्या पायात रंगीत कडी घालावी आणि त्याची वाढ पाहून मगच त्याची अंडी बसवायची की नाही ते ठरवावे. एकाच कोंबडीची पिल्ले दर खेपेला अडकत असतील, तर तिची अंडी बसवणे थांबवावे.

सगळीच वाचत नाहीत. बलक बाहेर राहिलेली, बेंबीला संसर्ग झालेली किंवा अंगात वाकडेपण असलेली काही पिल्ले दोन-तीन दिवसांत जातात, आणि ती कोणी नीट मदत केली नाही म्हणूनच गेली असे मानू नये.

नंतरची काळजी : सुटलेले पिल्लू पिसे वाळून फुलेपर्यंत पेटीतच ठेवावे. बेंबीला दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये. पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब लावून सुकू द्यावा. बलकाची पिशवी थोडी बाहेर दिसत असेल, तर ओलसर स्वच्छ कापड घातलेल्या वाटीत पिल्लाला बसवून वाटी पेटीत ठेवावी, म्हणजे ते हालचाल कमी करते आणि पिशवी आत जायला वेळ मिळतो. खाली वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात; खरखरीत कापड किंवा रबरी जाळी टाकावी. पाय फाकलेच तर दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीने एकमेकांशी बेताच्या अंतरावर बांधून दोन-चार दिवस ठेवतात, आणि कोवळ्या वयात ते सरळ होतात. वाकडी बोटे पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर चिकटपट्टीने पसरून ठेवली तरी सुधारतात.

पोटातला बलक 48 ते 72 तास पुरतो. एक दिवसाची पिल्ले दूरच्या गावी खोक्यातून पाठवता येतात ती याच शिदोरीवर. त्यामुळे अंड्यातून काढल्याबरोबर भरवण्याची गरज नसते. पिल्लू उभे राहू लागले की त्याला 35 अंशांच्या ऊबदार ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्ले वाढवायच्या खोक्यात, हलवावे, चोच एकदा पाण्यात बुडवून पाणी कुठे आहे ते दाखवावे, आणि मग समोर बारीक भरडा ठेवावा. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, कारण मदतीने निघालेले पिल्लू पहिले एक-दोन दिवस इतरांहून जास्त अडखळते आणि तोंडावर पाण्यात पडू शकते.